मागचा एक्सल कोणता घ्यायचा?



गेले चार महिने आमच्या घरी जेवायला बसलं की एकच विषय निघतो : १९३१ सालच्या फोर्ड गाडीला मागचा एक्सल कोणता बसवायचा? काही जणींनी विचारलं की यंदा लोणच्यांवर काही लिहिलं नाहीस, दशलक्षणाच्या तयारीवर लिहिलं नाहीस, कुठे आहेस? तर मी गॅरेजमध्ये आहे, हातात मोजपट्टी आणि हिशेबाची वही घेऊन. विषय लोखंडाचा वाटेल, पण त्यात खर्च आहे, घरातलं आजारपण आहे, लेकीची काळजी आहे आणि नवऱ्याची हौसही आहे. म्हणजे आपल्या नेहमीच्याच गोष्टी आहेत. म्हणून लिहिते.

आधी हॉट रॉड म्हणजे काय ते सांगते. आम्ही राहतो दक्षिण कॅलिफोर्नियात, आणि हे या हौसेचं माहेर आहे. १९३० च्या दशकात इथली तरुण मुलं जुन्या, स्वस्त, हलक्या फोर्ड गाड्या घ्यायची, अनावश्यक पत्रा काढून टाकायची, इंजिन जास्त ताकदीचं करायची आणि म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर शर्यती लावायची. १९३७ साली त्यांची रीतसर संघटना झाली, १९४८ च्या जानेवारीत 'हॉट रॉड' नावाचं मासिक निघालं. आज शर्यती लावणारे थोडे उरलेत. बहुतेक जण आमच्या ह्यांच्यासारखे आहेत, निवृत्त, गॅरेज असलेले, लहानपणापासून हात काळे करायची सवय असलेले. ह्यांच्या वडिलांचं सांगलीजवळ ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. क्राऊन व्हील, पिनियन, हाउसिंग हे शब्द ह्यांनी बाराखडीबरोबरच शिकले.

आमची गाडी फोर्डची मॉडेल ए, दोन माणसांची कूपे. १९२८ ते १९३१ या चार वर्षांत फोर्डने या मॉडेलच्या चाळीस लाखांहून जास्त गाड्या बनवल्या, म्हणून अजून मिळतात. मूळ इंजिन ४० हॉर्सपॉवरचं. ह्यांनी त्या जागी फोर्डचंच ३०२ व्ही-८ इंजिन बसवायला घेतलं. त्याची ताकद काही पटींनी जास्त.

आणि मग दोन वर्षांपूर्वी ह्यांना पार्किन्सनचं निदान झालं.

सुरुवातीची अवस्था आहे. उजवा हात थरथरतो, बारीक नट धरताना त्रास होतो, डावा पाय कधी कधी उशिरा ऐकतो. गाडी चालवायला डॉक्टरांनी सध्या परवानगी दिली आहे, दर सहा महिन्यांनी तपासून पुढचं सांगतात. त्या दिवसापासून गाडीच्या प्रत्येक निर्णयाला एक नवं माप लागलं. पहिला बदल गिअरबॉक्समध्ये झाला. ह्यांना हाताने गिअर टाकायची गाडी हवी होती. डाव्या पायाने क्लच दाबणं पुढे जमणार नाही म्हणून ह्यांनी स्वतःच, कोणी न सांगता, फोर्डचा जुना सी-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. त्या दिवशी हे फार बोलले नाहीत. मीही काही विचारलं नाही, फक्त ताक करून दिलं.

मागच्या एक्सलचा प्रश्न त्यानंतर आला.

मागचा एक्सल करतो काय? इंजिनाची ताकद लांब शाफ्टमधून मागे येते. तिथे एक छोटं पिनियन एका मोठ्या क्राऊन व्हीलला फिरवतं आणि ताकद काटकोनात वळून दोन्ही चाकांकडे जाते. मधला डिफरन्शियल वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्या चाकाला कमी फिरू देतो. शिवाय गाडीचा मागचा सगळा भार याच दांड्यावर. म्हणजे पोळपाटाचे पाय आणि जात्याचा खुंटा, दोन्ही कामं एकट्याची.

गाडीचा मूळ एक्सल ठेवता आला असता तर फुकटात काम झालं असतं. पण मॉडेल एमध्ये चालता शाफ्ट एका बंद नळीत असतो आणि ती नळी गिअरबॉक्सला जोडलेली असते. नवा गिअरबॉक्स त्या नळीला जुळत नाही. आणि दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटलं. त्या एक्सलमध्ये चाकाचा हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर एका चावीने आणि एका नटाने धरलेला असतो. शाफ्ट बाहेरच्या बाजूला तुटला, तर हब आणि चाक दोन्ही निसटून जाऊ शकतात, आणि त्या चाकाचा ब्रेकही गेला. ४० हॉर्सपॉवरला तो पुरतो. व्ही-८ ला नाही. आमच्या शेजारी ७९ वर्षांचे एक अमेरिकन आजोबा आहेत, आयुष्यभर मशीनवर काम केलेले. त्यांनी तरुणपणी असं स्वतःचंच चाक स्वतःच्याच गाडीच्या पुढे धावताना पाहिलं होतं. हसत सांगितलं त्यांनी, पण मला हसू आलं नाही. या गाडीत आमची लेकही बसणार होती.

तर दुसरा एक्सल घ्यायचा हे ठरलं. कोणता, यावर घरात तीन पक्ष झाले.

ह्यांचा जीव होता क्विक-चेंजवर. दुसऱ्या महायुद्धानंतर हॅलिब्रँड नावाने प्रसिद्ध झालेली ही वस्तू. मागे एक झाकण असतं, ते उघडून आतले दोन गिअर बदलले की काही मिनिटांत गाडीचा रेशो बदलतो. शर्यतवाल्यांना आज छोटा ट्रॅक, उद्या मोठा, म्हणून त्याचा उपयोग. शिवाय ॲल्युमिनियमचा तो गोळा पॉलिश केला की मागून चांदीच्या तांब्यासारखा चमकतो. हॉट रॉडवाले आधी वाकून तोच बघतात. आजोबांकडे जुना, अर्धवट खोललेला एक पडून होता, आणि ह्यांना तो द्यायची त्यांची मनापासून इच्छा होती. पण त्याचे सरळ दात घोंघावतात, हरवलेले भाग एकेक करून शोधायचे, आणि नवा घ्यायचा तर तीन हजार डॉलरच्या वर.

लेक मेकॅनिकल इंजिनिअर. तिचं मत फोर्डच्या नऊ इंची एक्सलला. १९५७ ते १९८६ या काळात बनलेला, क्राऊन व्हील नऊ इंचांचं, मजबुतीत नावाजलेला. गिअरचा सगळा गोळा पुढून एकसंध बाहेर काढता येतो. पण तो जड आहे, त्याला मागणी फार म्हणून महाग आहे, आणि बहुतेक आमच्या गाडीला रुंद पडतात. रुंद म्हणजे दोन्ही बाजूंनी कापायचा आणि आतले शाफ्ट नवीन करून घ्यायचे.

तिसरा पर्याय भंगाराच्या यार्डात ढिगाने मिळणारा, फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची. स्वस्त, दणकट, १९९५ पासूनच्या गाड्यांत डिस्क ब्रेकसकट. रुंदी सुमारे साडेएकोणसाठ इंच. त्याची एक बाजू लांब असते. ती कापून तिथे दुसऱ्या एक्सप्लोररचा आखूड शाफ्ट घातला की रुंदी साडेछप्पन्नच्या आसपास येते. हुशारीची युक्ती आहे. पण त्यात शाफ्ट आत, डिफरन्शियलमध्ये, इंग्रजी सी अक्षरासारख्या क्लिपने अडकवलेला असतो. बाहेरच्या बाजूला शाफ्ट तुटला तर चाक सरकून बाहेर येऊ शकतं. डिस्क ब्रेकचा कॅलिपर त्याला थोडाफार अडवतो, असं लेक म्हणाली. थोडाफार हा शब्द मी वहीत लिहून ठेवला.

मैत्रिणींनो, मुलीचं स्थळ बघताना किंवा घर घेताना आपण काय करतो? आधी कागदावर लिहितो की आपल्याला काय हवंय, मग बघायला निघतो. उलटं केलं की जे समोर चमकतं तेच हवंसं वाटतं. मी रविवारी दुपारी तिघांना बसवलं, आजोबांनाही बोलावलं, आणि वहीत अटी लिहिल्या.

एक, रुंदी. आमची गाडी मडगार्डसकट ठेवायची आहे, म्हणून चाकं मडगार्डच्या आतच बसली पाहिजेत. चाक जिथे टेकतं त्या एका पृष्ठभागापासून दुसऱ्यापर्यंत साधारण ५६ इंच, फार तर अर्धा इंच जास्त.

दोन, शाफ्ट तुटला तरी चाक सुटू नये अशी बाहेरच्या टोकाला पकड.

तीन, रेशो. हा हिशेब मला आवडला म्हणून सांगते. आमच्या मागच्या टायरचा व्यास २८ इंच. ताशी ६५ मैलांना ते चाक मिनिटाला सुमारे ७८० फेरे घेतं. एक्सलचा रेशो ४.११ असेल तर इंजिनाला ३,२०० फेरे घ्यावे लागतात, ३.५५ असेल तर २,७७०, आणि ३.०० असेल तर २,३४०. आमच्या सी-४ गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह नाही, म्हणजे हायवेवर इंजिनाला उसंत देणारा वरचा गिअरच नाही. म्हणून रेशो तीनच्या जवळ हवा. मोठा आकडा घेतला तर सिग्नलवरून गाडी सुसाट सुटते, पण लांबच्या वाटेवर इंजिन ओरडत राहतं. आम्हाला मंदिरात जायचंय, समुद्रकाठी जायचंय. सिग्नलवर कोणाला हरवायचं नाही.

चार, दहा वर्षांनी बेअरिंग गेलं, सील गळलं, तर साध्या दुकानात मिळावं. आणि ते लेकीला एकटीला बदलता यावं.

पाच, उशीर नको.

पाचवी अट मी लिहिली तेव्हा कोणी काही बोललं नाही. मग मी आजोबांना सरळ विचारलं, तुमचा क्विक-चेंज पूर्ण उभा राहायला किती दिवस? ते प्रामाणिक माणूस. म्हणाले, भाग मिळाले तर एक वर्ष, नाही मिळाले तर दोन. मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, "अहो, तुम्हीच ठरवा. दोन वर्षांनी चमकणारा हवा, की या उन्हाळ्यात चालणारा?" हे बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चालवायचीय गं मला."

त्यांना ते सोपं गेलं नसणार. चाळीस वर्षं मनात जपलेली वस्तू होती ती. दिखाऊपणा वाईट असतो असं म्हणून मी त्यांची हौस मोडीत काढणार नाही. आपणही लग्नाला गोठ काढतोच की. पण वेळ मोजका असेल तेव्हा कशाचा मोह सोडायचा हे माणसाने स्वतः ठरवलं पाहिजे, दुसऱ्याने त्याच्या हातातून काढून घेऊ नये.

अटी लिहिल्यावर उत्तर आजोबांनीच दिलं, आणि ते तिन्ही पक्षांपैकी कोणाचंच नव्हतं. फोर्डचा आठ इंची एक्सल. नऊ इंचीचा धाकटा भाऊ म्हणा. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या लहान-मध्यम फोर्ड गाड्यांत यायचा. त्यातही मॅव्हरिक नावाच्या गाडीतला. त्याची रुंदी साडेछप्पन्न इंच, म्हणजे कापायलाच नको. शाफ्ट बाहेरच्या टोकाला बेअरिंगजवळ पट्टीने आणि चार बोल्टांनी धरलेला. गोळा पुढून निघणारा. शर्यतीला तो अपुरा पडेल, पण आमच्या साध्या व्ही-८ ला आणि हलक्या गाडीला पुरून उरतो. आणि मूळ रेशो बहुधा २.७९ किंवा ३.००.

मग आम्ही पोमोनाच्या बाजारात गेलो. पोमोनाच्या जत्रामैदानावर वर्षातून काही रविवारी जुन्या गाड्यांचा आणि सुट्या भागांचा बाजार भरतो. पहाटे पाचला दार उघडतं. अंधारात टॉर्च लावून लोक लोखंड बघत हिंडतात. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. सूर्य वर आल्यावर एका तुटक्या ट्रकच्या फळीवर बसून आम्ही खाल्लं. ह्यांच्या गोळीची वेळही सांभाळली गेली.

एक्सल बघायचा कसा हे तिथे शिकले. आठ आणि नऊ इंची दिसायला सारखे, पण ओळखायची खूण सोपी आहे : गोळ्याच्या तळाचे दोन नट. आठ इंचीत सगळ्या नटांवर सॉकेट पाना सरळ बसतो. नऊ इंचीत तळाच्या नटांवर बसत नाही, साधा पाना लागतो. चाकाचे बोल्ट पाच हवेत, कारण सहा सिलिंडरच्या मॅव्हरिकमध्ये बहुधा चार बोल्टांचा छोटा एक्सल असतो. बोल्टाखाली पत्र्याची छोटी पट्टी असेल तर तिच्यावर रेशो लिहिलेला असतो. पट्टी नसेल तर एक चाक घट्ट धरायचं, दुसरं दोन फेरे फिरवायचं आणि पिनियन किती फिरलं ते मोजायचं. आमचं बरोबर तीन वेळा फिरलं. विकणाऱ्याने साडेचारशे डॉलर सांगितले. मी तेलाच्या झाकणात बोट घालून तेल बघितलं, त्यात चमकणारा लोखंडाचा चुरा नव्हता, पण सील गळत होतं. साडेतीनशेत दिला. भाजीबाजारात घासाघीस करणाऱ्या बाईला हे जड नाही.

घरी आणल्यावरचं काम लेकीने केलं आणि शेजारी स्टूल टाकून ह्यांनी करून घेतलं. गोळा काढला, धुतला, बेअरिंगं आणि सीलं नवी घातली. मग क्राऊन व्हीलच्या दातांना पिवळी पेस्ट लावून फिरवून बघितलं. दात एकमेकांना नेमके कुठे टेकतात त्याचा ठसा उमटतो. तो दाताच्या मध्यावर यायला हवा, फार टोकाला नको, फार बुडाला नको. तीन वेळा खोलून जुळवलं. ह्यांचा हात थरथरतो, पण नजर आणि कान शाबूत आहेत. नुसतं फिरवून ऐकून म्हणाले, "अजून थोडं घट्ट आहे." मोजल्यावर तसंच निघालं.

जुनी बंद नळी गेल्यामुळे एक्सलला जागेवर धरून ठेवायला चार दांडे लावले. नाहीतर ॲक्सिलरेटर दाबला की एक्सल स्वतःच गरगर वळायला बघतो. त्या दांड्यांचे कान वेल्डिंग करताना लेक थोडं थोडं करून थांबायची, थंड होऊ द्यायची. सलग उष्णता दिली तर हाउसिंगची नळी वाकते. इंजिनाचा शाफ्ट मागे तीन अंश खाली झुकला आहे, तर पिनियनचं तोंड तेवढंच वर, म्हणजे दोन्ही समांतर. तसं नसेल तर गाडी सतत थरथरते. "घरात एक थरथरणारा पुरे," हे म्हणाले. लेक हसली, मग गप्प झाली, मग पुन्हा हसली.

एक गोष्ट खास तुमच्यासाठी. दोन्ही चाकांना एकत्र जोर देणारा लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल घ्यायचा का, हा विचार चालला होता. तेव्हा लेकीने सांगितलं की तसल्या डिफरन्शियलच्या आणि गिअरच्या तेलात एके काळी स्पर्म व्हेल माशाचं तेल मिसळत. दाबाखाली ते टिकायचं, म्हणून त्याला मोल होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांनी दुसरी द्रव्यं शोधली. आज दुकानातल्या तेलात ते नसतं. तरी ऐकून मी सुन्न झाले. एवढा मोठा जीव, आणि तो कोणाच्या तरी गाडीच्या वळणासाठी. जुन्या बाजारात जुन्या तेलाचे सीलबंद डबे शोभेसाठी विकायला असतात. असा डबा आमच्या घरात येणार नाही, एवढं मी सांगून टाकलं आणि ह्यांनी लगेच मान डोलावली. डिफरन्शियलही साधाच ठेवला. आम्हाला तेवढा पुरतो. तेल आजचं, ८०डब्ल्यू-९०, सुमारे दोन लिटर.

गाडी जूनमध्ये गॅरेजबाहेर आली. ह्यांनी आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणली. मागून कसलाही आवाज नाही. आजोबा वाकून खाली बघायला गेले. दिसायला काळा रंगवलेला साधा लोखंडी गोळा. "यात बघण्यासारखं काही नाही," ते म्हणाले, आणि यांच्या भाषेत ही शाबासकी असते हे मला आता कळतं. पुढच्या महिन्यात डॉक्टरांची तपासणी आहे. काय सांगतील ते सांगतील. लेकीने गाडी हायवेवर नेऊन बघितली आहे, ६५ ला इंजिन शांत असतं.

काल मी गॅरेजच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. एक्सल कोणत्या गाडीचा, रेशो किती, बेअरिंगचे आणि सीलांचे नंबर, तेल कोणतं आणि किती, बोल्ट किती जोराने आवळायचे. अक्षर माझं आहे, सांगितलं ह्यांनी. तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल जिची सगळी माहिती एकाच माणसाच्या डोक्यात आहे : पाण्याची मोटर, शेताची कागदपत्रं, औषधांच्या वेळा. त्या माणसाच्या शेजारी बसा, चहा द्या आणि लिहून घ्या. विचारलं की माणसं आनंदाने सांगतात. आमचे हे दोन तास सांगत होते.